बॅटरी का उतरते, हे शोधणारी मुलं

दहावीच्या निकालानंतर येणाऱ्या पालकांची एक ठरलेली तक्रार असते. पोरगा दिवसभर गॅरेजात पडलेला असतो, जुनी बुलेट नाहीतर येझदी उघडून बसतो, पुस्तकाचं नाव नको. मी त्यांना उलट विचारतो, तिथे तो नक्की करतो काय? टाकीला रंग मारतो, सायलेन्सर बदलून गल्ली दणाणून सोडतो, की हातात मल्टिमीटर घेऊन बॅटरी का उतरते ते शोधतो? पहिल्या दोन गोष्टी हौसेच्या. तिसरी करत असेल, तर करिअरचं बोलणं तिथून सुरू करता येतं.

जुन्या गाडीला कस्टम रूप देणाऱ्या गॅरेजात सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात जास्त छळणारं काम चार्जिंगच्या वायरिंगचं असतं. फोटोत टाकी दिसते, सीट दिसते. पण गाडी रात्री घाटात बंद पडली, तर कारण बहुधा सीटखालच्या वायरींच्या गुंत्यात सापडतं.

यातलं विज्ञान मुलांनी शाळेत वाचलेलं असतं. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आहे. त्यातलं जनित्र म्हणजेच इंजिनाच्या बाजूच्या कव्हराखालचा मॅग्नेट आणि कॉइल. मॅग्नेट फिरला की कॉइलमध्ये एसी करंट तयार होतो. रेक्टिफायर त्याचा डीसी करतो, रेग्युलेटर व्होल्टेज आवरतो आणि मग तो करंट बॅटरीत जातो. म्हैसूरला १९६१पासून बनू लागलेल्या जुन्या जावांमध्ये तर सहा व्होल्टचा डायनामो असे. त्यातला कटआउट बंद इंजिनावर बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ देत नसे.

आता एक प्रत्यक्ष काम बघू. आरएक्स १००सारख्या गाडीत हेडलाइट थेट एसीवर चालतो, म्हणून रेस सोडली की उजेड मंदावतो. अशी गाडी कस्टम करून घेणाऱ्याला सगळे दिवे बॅटरीवर हवे असतात. नवशिका पोरगा चार डायोडचा ब्रिज रेक्टिफायर आणतो, जोडतो, आणि चार्जिंग वाढायचं सोडून कॉइल तापते. कारण जुन्या रचनेत कॉइलचं एक टोक आतल्या आत बॉडीला अर्थ केलेलं असतं. बॅटरीचं निगेटिव्हही बॉडीलाच. त्यामुळे एसी लहरीच्या एका अर्ध्या भागात करंट बॅटरीत जातो. दुसऱ्या अर्ध्यात तो बॅटरीकडे फिरकतच नाही, एका डायोडमधून पुन्हा कॉइलमध्ये शिरतो. म्हणजे दर फेरीला अर्धा वेळ कॉइल शॉर्ट.

उपाय सोपा आहे, पण हात स्थिर लागतो. कॉइल प्लेट उतरवायची, अर्थचं टोक सोल्डर वितळवून सोडवायचं, त्याला वेगळी वायर जोडून, स्लीव्ह घालून बाहेर काढायची. मग मल्टिमीटरची एक पिन त्या वायरीला, दुसरी इंजिनाच्या बॉडीला. बीप वाजला नाही पाहिजे. सगळं जोडून झाल्यावर गाडी बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आणि रेस केल्यावर साधारण १४. आकडा १५च्या वर जात असेल तर रेग्युलेटर काम करत नाहीये आणि बॅटरी उकळणार. जुन्या पद्धतीचा रेग्युलेटर जादा करंट शॉर्ट करून जिरवतो, म्हणून तो चांगलाच तापतो. दिसू नये म्हणून त्याला सीटखाली कोंबणारे महाभाग असतात. तो जळाला की दोष कंपनीला देतात.

त्याआधी हिशेबही करावा लागतो. समजा कॉइलकडून ८० वॅट मिळतात. हेडलाइट ५५, टेललाइट ५, इग्निशनला अंदाजे ३० धरले, तर खर्च ९०. पगारापेक्षा घरखर्च जास्त असला की शिल्लक मोडावी लागते, तसं इथे बॅटरी मोडली जाते. १० वॅटची तूट म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ०.८ अँपिअर. गाडी सडपातळ दिसावी म्हणून अडीच अँपिअर-अवरची बॅटरी बसवली असेल, तर ती तीन तासांत संपते. हे गणित मुलगा किंवा मुलगी कागदावर मांडून दाखवत असेल, तर ‘अभ्यासाचं नाव नको’ हे वाक्य पालकांनी मागे घ्यावं, असं माझं मत आहे.

आता कटू भाग. निव्वळ ‘कस्टम बाइक बिल्डर’ हे करिअर म्हणून मी कुणाला सुचवत नाही. गिऱ्हाईक थोडं, काम अनियमित, आणि कायद्याची अडचण वेगळीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला. म्हणजे कागदोपत्री गाडी व्हिंटेज तरी ठेवा, नाहीतर कस्टम तरी करा. दोन्ही एकदम जमत नाही. शिकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची सवय पहिल्यापासून लावून घ्यावी.

मात्र वाहनांच्या इलेक्ट्रिकल कामाचा आवाका मोठा आहे. दोष शोधणं, वायरिंगचा नकाशा वाचणं, लग नीट क्रिंप करणं, फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच लावणं, कुठल्या जोडात व्होल्टेज गळतंय ते मोजणं, या गोष्टी इलेक्ट्रिक स्कूटरच्या सर्व्हिस सेंटरमध्येही लागतात. तिथे उच्च व्होल्टेजचं सुरक्षिततेचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, पण पाया हाच. जुन्या गाड्या मग जोडधंदा म्हणून खुशाल कराव्यात.

मार्ग कुठला? आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल आणि इलेक्ट्रिशियन हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. आवड वायरीत असेल तर मी इलेक्ट्रिशियनकडे झुकेन. यंत्राचं काम गॅरेजात शिकता येतं, विजेची शिस्त तिथे क्वचित शिकवतात. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे, त्यामुळे ‘आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं’ ही भीती नको. शिकाऊ उमेदवारी मिळाली तर विद्यावेतनही मिळतं.

प्रवेशाआधीच्या सुट्टीत मुलाला एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे बसवा. पण आधी स्वतः तासभर तिथे थांबा. बॅटरी उतरलेली गाडी आली की उस्ताद मीटर लावतो, की विचार न करता नवी बॅटरी विकतो, ते बघा. दुसरं दिसलं तर पुढचं दुकान शोधा. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलात, तर काउंटरवरच विचारा की वायरिंगच्या कामाला तुम्ही गिऱ्हाइकाला कुणाकडे पाठवता. दोन-तीन दुकानांतून एकच नाव आलं, तर पोराला घेऊन तिकडे जा.