वाहनांच्या रॅपिंगसाठी मोठ्या रुंदीचा प्रिंटर निवडताना

वाहनाच्या पत्र्यावर छापील व्हिनाइल फिल्म चढवण्याच्या व्यवसायात, ज्याला कारागीर आणि ग्राहक दोघेही रॅपिंग म्हणतात, प्रिंटरची निवड बहुतेक वेळा शोरूममधील टेबलावर पसरलेला सपाट नमुना पाहून होते. या व्यवसायातील सर्वांत महागडे नुकसान याच सवयीतून घडते, कारण छपाईचा खरा दोष मशीनसमोर दिसत नाही; तो काही आठवड्यांनी बंपरच्या खोबणीत, दाराच्या कडेला आणि बॉनेटच्या टोकाला फिल्म उचलली जाऊ लागली म्हणजे प्रकट होतो. तोपर्यंत फिल्म खर्ची पडलेली असते, फिटरची मजुरी चुकती झालेली असते, आणि दोष कधी फिटरच्या हातावर तर कधी फिल्मच्या गोंदावर ढकलला जातो. म्हणून प्रिंटरचा विचार वाहनाच्या वळणापासून सुरू करावा आणि तेथून मागे येत फिल्म, लॅमिनेशन, शाई व सरतेशेवटी मशीन या क्रमाने निर्णय घ्यावा, असा या व्यवसायातील अनुभवाचा स्पष्ट कौल आहे.

रॅपिंगची फिल्म मुख्यतः दोन प्रकारची असते. द्रवरूप पीव्हीसी पातळ थरात ओतून आणि भट्टीत वाळवून जी तयार होते ती कास्ट फिल्म. तिची जाडी साधारण ५० मायक्रॉन असते आणि तयार होताना ती ताणली गेलेली नसल्यामुळे वळणावर बसवल्यानंतर मूळ आकाराकडे परतण्याची तिची ओढ अल्प असते. तापलेल्या रोलरांमधून दाबून काढलेली कॅलेंडर्ड फिल्म तुलनेने जाड व स्वस्त असते, परंतु तिच्यात ताण साठलेला असतो आणि उन्हात तो मोकळा होऊ लागला की फिल्म आकसते. टेम्पोच्या सपाट हौद्याला ती चालते, मोटारीच्या बंपरला चालत नाही. छापील फिल्मवर पारदर्शक संरक्षक थर चढवणे म्हणजे लॅमिनेशन, आणि कास्ट फिल्मवर कास्ट लॅमिनेटच चढवावे लागते, कारण दोन थर निरनिराळ्या प्रमाणात आकसले तर कडा वर वळतात.

शाईचा प्रश्न याहून अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि बहुतेक दुकाने याच ठिकाणी फसतात. रॅपिंगमध्ये सर्वाधिक रुळलेली शाई इको-सॉल्व्हंट होय. तिच्यातील रंगकण सावकाश उडून जाणाऱ्या द्रावकात मिसळलेले असतात, आणि हा द्रावक व्हिनाइलचा पृष्ठभाग किंचित मऊ करून रंग त्यात रुजवतो. रंग पक्का होतो तो यामुळेच, आणि धोकाही यातच असतो, कारण बोटाला कोरडी लागणारी छपाई आतून ओलीच असू शकते. उरलेला द्रावक हळूहळू बाहेर पडण्याच्या क्रियेला आउटगॅसिंग म्हणतात. ती पूर्ण होण्याआधी लॅमिनेशन केले तर द्रावक दोन थरांमध्ये कोंडला जातो, गोंदात उतरून त्याची पकड ढिली करतो आणि फिल्म नको तितकी मऊ व ताणखाऊ होते. काळा, गडद लाल, गर्द निळा अशा भरपूर शाई घेणाऱ्या भागांत हा परिणाम सर्वाधिक असतो, आणि दुर्दैवाने जाहिरातीच्या रचनेत हेच रंग गाडीच्या कडांपर्यंत नेलेले असतात. छपाईनंतर किमान २४ ते ४८ तास, आणि गडद कामासाठी त्याहून अधिक काळ, फिल्म सैल गुंडाळून उभी किंवा टांगून ठेवावी, असा दंडक यासाठीच आहे. घट्ट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेला रोल कितीही दिवस पडून राहिला तरी आतल्या वेढ्यांना हवा न मिळाल्याने तो वाळला असे धरता येत नाही. ज्या दुकानात फिल्म टांगण्याइतकी मोकळी आणि धूळविरहित जागा नाही, तेथे उत्तम इको-सॉल्व्हंट मशीनही वाईट काम देते.

लॅटेक्स शाई पाण्यावर आधारित असते. एचपी कंपनीने २००८ साली ती मोठ्या रुंदीच्या छपाईत आणली. मशीनमधील उष्णतेने पाणी उडून जाते व पॉलिमरचे कण रंगावर पापुद्रा धरतात, त्यामुळे छपाई बाहेर पडताच लॅमिनेशन करता येते. मात्र या उष्णतेसाठी वीज अधिक लागते, आणि तापमान चुकीचे ठेवले तर पातळ फिल्म छपाईतच वाकडी होते. अतिनील दिव्याखाली तत्क्षणी घट्ट होणारी यूव्ही शाई फलकांसाठी उत्कृष्ट असली, तरी तिचा सर्वसाधारण प्रकार जाड व ताठ थर देतो आणि हीट गनखाली फिल्म ताणली की तडकतो; ताणली जाणारी यूव्ही शाई उपलब्ध आहे, पण वळणदार मोटारींचे काम प्रामुख्याने करणाऱ्याने प्रत्यक्ष ताणून पाहिल्याशिवाय तिच्याकडे वळू नये.

महाराष्ट्रात या निवडीला एक वेगळा पदर आहे. गावोगावी फ्लेक्स छापणारी १० फुटी सॉल्व्हंट मशीन आधीच आहेत आणि त्याच मशीनवर रॅपिंगही काढण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ही मशीन दुरून पाहायच्या फलकांसाठी बनलेली असतात. त्यांच्या शाईचा थेंब मोठा असतो, शाई जास्त पडते, आणि हातभर अंतरावरून पाहिल्या जाणाऱ्या दारावर ठिपके दिसतात ते वेगळेच. फ्लेक्सच्या मशीनवर रॅपिंग करू नये, हे येथे निःसंदिग्धपणे सांगणे आवश्यक आहे.

रुंदीबाबत विचार सोपा आहे. फिल्मचे रोल मुख्यतः १.३७ आणि १.५२ मीटर रुंदीचे मिळतात, आणि अनेक मोटारींचे बॉनेट १.३७ मीटरमध्ये बिनजोड बसत नाही; त्यामुळे १.५२ मीटरचा रोल घेणारा, म्हणजे बाजारात ६४ इंची म्हणून ओळखला जाणारा प्रिंटर घ्यावा. वेगाबाबत मात्र माहितीपत्रकावर विसंबू नये, कारण त्यातील सर्वांत मोठा आकडा कच्च्या दर्जाच्या छपाईचा असतो. १२ मीटर लांब व सुमारे ३ मीटर उंच बसच्या दोन्ही बाजू धरल्या तर ७० चौरस मीटरच्या आसपास छपाई होते. रॅपिंगच्या दर्जात मशीन ताशी १० चौरस मीटर देत असेल तर छपाईलाच सात तास लागतात, आणि वाळवण्याचे दिवस त्यावर वेगळे. अशा कामात पट्टे शेजारीशेजारी लागतात, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या पट्ट्याचा रंग एकच येणे ही मशीनची खरी परीक्षा होय.

विजेचा आणि दुरुस्तीचा विचार खरेदीआधी करावा. छपाई चालू असताना वीज गेली आणि हेड, म्हणजे शाई फवारणारा सूक्ष्म छिद्रांचा भाग, आपल्या झाकणावर परतू शकला नाही, तर छिद्रांत शाई वाळते. इको-सॉल्व्हंट मशीनमधील हेड बदलणे हा मोठा खर्च असतो. म्हणून यूपीएसची किंमत मशीनच्या किमतीतच धरावी, आणि आपल्या गावी सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत पोहोचतो हे विक्रेत्याऐवजी त्याच भागातील जुन्या ग्राहकाला विचारावे. स्वस्त स्थानिक शाईचा मोहही तपासून पाहावा, कारण थ्रीएम, एव्हरी डेनिसन यांसारख्या फिल्म उत्पादकांची छापील कामावरील हमी ठरावीक शाई, फिल्म व लॅमिनेट यांच्या जोडीलाच लागू असते.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याच्या मशीनवर स्वतःच्या फाइलमधून सलग राखाडी आणि गर्द काळ्या रंगाचे तीन-चार लांब पट्टे काढून घ्यावेत, ते शेजारी लावून रंग पाहावा, नंतर वाळवून, लॅमिनेट करून जुन्या बंपरवर चढवावेत आणि काही आठवडे उन्हात ठेवावेत. जो विक्रेता यास तयार नसेल त्याच्याकडून मशीन घेऊ नये. रोजची घाई नसलेल्या आणि जागा असलेल्या दुकानाला मूळ कंपनीच्या शाईवर चालणारा ६४ इंची इको-सॉल्व्हंट प्रिंटर योग्य ठरतो, आणि आज छापून उद्या गाडी द्यावी लागणाऱ्या दुकानाला लॅटेक्स. दोन्ही बाबतींत प्रिंटरइतक्याच रुंदीचा लॅमिनेटर सोबत लागतोच, आणि त्यासाठी पैसे उरत नसतील तर प्रिंटरची खरेदी पुढे ढकलावी.