अवजारांना पाणी देताना पडणारे ताण व ते कमी करण्याचे उपाय

मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून घडविलेली कुळवाची पास ऐन पेरणीच्या तोंडावर दगडास लागून मोडते, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना येतो. दोष पोलादाचा मानला जातो; परंतु बहुधा तो पाणी देण्याच्या रीतीत असतो.

ताण का निर्माण होतो?

तप्त पोलाद पाण्यात बुडविताच त्याचा पृष्ठभाग प्रथम निवतो व कडक होतो. गाभा मात्र तप्त राहतो. कडक होताना पोलाद किंचित फुगते. त्यामुळे मागाहून गाभा कडक होऊ लागला की बाहेरील ठिसूळ कवचावर ओढ बसते. ही ओढ थंड धातूतही कायम राहते. तिलाच अवशिष्ट ताण म्हणतात. तो अति झाल्यास वस्तू तडकते, वाकडी होते किंवा पुढे आघाताने मोडते. धार पातळ व पाठ जाड असल्यास हा धोका वाढतो.

उपाय

१. घडणीत तीक्ष्ण कोपरे व घणाचे खोल वण ठेवू नयेत. तडा तेथूनच सुरू होतो. घडण संपल्यावर वस्तू एकदा लाल तापवून हवेत सावकाश निवू द्यावी.

२. पाणी देण्यासाठी वस्तू सर्वत्र सारखी तापवावी. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबक पोलादास चिकटत नाही. त्यानंतर थोडेच अधिक तापवावे. पिवळे होईपर्यंत तापविल्यास पोलादाचे कण मोठे होऊन ते ठिसूळ बनते.

३. कमानपाट्याचे पोलाद पाण्याऐवजी तेलात निववावे. तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करावे. भांडे लोखंडी असावे व त्याचे झाकण जवळ ठेवावे, कारण तेल पेटण्याचा संभव असतो. तेलात पाणी मुळीच नसावे.

४. वस्तू उभी धरून एका दमात पूर्ण बुडवावी व हलवीत राहावी; आडवी बुडविल्यास ती वाकते.

५. हात लावण्याइतकी निवताच वस्तू बाहेर काढावी. तिचा पृष्ठभाग घासून चकचकीत करावा व ती पुन्हा मंद आचेवर तापवावी. प्रथम पिवळा, मग तपकिरी, जांभळा व सुमारे ३०० अंशांना निळा रंग दिसतो. आघात सोसणाऱ्या अवजारांस जांभळा ते निळा रंग योग्य होय. यामुळे कडकपणा थोडा उतरतो, पण ताण बराच कमी होतो. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये. ठेवलेली वस्तू आपोआप तडकू शकते.

तपासणी

निवलेल्या वस्तूस भट्टीपासून दूर रॉकेल चोळावे, ते कोरडे पुसावे व वर खडूची भुकटी लावावी. तडा असल्यास ओली रेघ उमटते. अशी वस्तू शेतात नेऊ नये.

ग्राम कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वी गावच्या लोहाराच्या भट्टीवर हे प्रात्यक्षिक घडवून आणावे. एकाच पाट्याचे दोन तुकडे घ्यावेत; एक पाण्यात निववून तसाच ठेवावा, दुसरा तेलात निववून निळ्या रंगापर्यंत तापवावा. मग दोन्हींची खडूने तपासणी करावी व डोळ्यांचे रक्षण करून त्यांवर घणाचे घाव घालावेत. फरक शेतकऱ्यांना प्रत्यक्ष दिसेल.