वाहतूक दिवा आणि रुग्णवाहिका
(इयत्ता पाचवी ते सातवीसाठी पाठ)

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शाळांच्या गावी वाहतूक दिवा नाही. त्यामुळे हा पाठ शहरातील मुलांसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे, असे काही शिक्षकबंधूंना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आपली मुले बाजारास, दवाखान्यास, नातलगांकडे जिल्ह्याच्या ठिकाणी जातात आणि पुढे शिक्षणासाठी तेथेच राहतात. शहरातील मुलास रोज पाहून जे वळण लागते, त्याची आपल्या मुलास एकाच दिवसात गरज पडते. 'तांबडा दिसला की थांबा, हिरवा दिसला की चला' एवढे त्यास पाठ असते. तेवढ्यावर विसंबून रस्ता ओलांडणारे मूल भर हिरव्या दिव्यात रुग्णवाहिकेच्या वाटेत सापडू शकते. हे कसे घडते ते मुलांना उमगावे, हा पाठाचा मुख्य हेतू होय.

प्रथम नियम सांगावा. वाहनचालनाच्या २०१७ च्या विनियमांनुसार तातडीच्या कामावरील रुग्णवाहिका व अग्निशामक गाडी यांना योग्य ती दक्षता घेऊन तांबडा दिवा ओलांडण्याची मुभा आहे. 'दक्षता घेऊन' हे शब्द फळ्यावर लिहावेत व त्यांखाली रेघ ओढावी. इतरांनी बाजूस होऊन त्यांना वाट द्यावयाची असते. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तिचा भोंगा मुलांनी गावातही ऐकलेला असतो, तेव्हा पूर्वज्ञानाची अडचण पडू नये.

यानंतर एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, गाडी येताना दिवा आपोआप हिरवा होत नाही का?" प्रश्न उत्तम आहे, त्याला टाळू नये. ही कल्पना वाहतूक दिव्यांइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात ५ ऑगस्ट १९१४ रोजी विजेचे वाहतूक दिवे सुरू झाले. त्यांत तांबडा व हिरवा असे दोनच रंग होते. रंग बदलण्याची सूचना घंटा देई. जेम्स होग यांच्या त्या योजनेतच, आग लागली असता पोलीस व अग्निशामक दल यांना दिव्यांचा ताबा घेता यावा, अशी सोय होती.

आज अमेरिकेतील अनेक शहरांत गाडीच्या टपावर एक विशिष्ट दिवा असतो. तो सेकंदास सुमारे चौदा वेळा लुकलुकतो. चौकातील खांबावरील यंत्र ही लुकलुक ओळखते व नियंत्रक पेटीस कळविते. अलीकडे हेच काम उपग्रहाच्या साहाय्याने गाडीचे स्थान जाणून रेडिओ संदेशानेही होते. मोटारीचे पुढचे दिवे हाताने उघडझाप केले की सिग्नल हिरवा होतो, ही तेथील एक लोकप्रिय समजूत आहे. ती खोटी आहे, कारण हाताने तो वेग साधत नाही. अनधिकृत माणसाने असे यंत्र वापरणे हा तेथे २००५ पासून केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

येथे पाठाचा खरा गाभा येतो. संदेश मिळताच पेटी दिवा क्षणात बदलत नाही. आडव्या रस्त्यावरील गाड्या चौकात शिरलेल्या असतात, एखादी म्हातारी अर्धा रस्ता चालून आलेली असते. म्हणून आधी त्यांच्या बाजूस पिवळा, मग क्षणभर सर्व बाजूंस तांबडा, आणि त्यानंतर रुग्णवाहिकेस हिरवा, असा क्रम ठेवावाच लागतो. एकाचा जीव वाचविताना दुसऱ्याचा जाऊ नये, ही व्यवस्था त्या पेटीतच केलेली असते.

हे शब्दांनी सांगण्यापेक्षा मैदानावर करून दाखवावे. फक्कीने चौक आखावा. चार मुलांच्या हाती तांबडी व हिरवी फडकी द्यावीत, काहींना मोटारी व पादचारी करावे. पहिल्या फेरीत 'रुग्णवाहिका' येताच फडकी एकदम बदलावीत. चौकाच्या मध्यभागी मुलांची जी गर्दी होते, तिच्याने अर्धा पाठ होऊन जातो. दुसऱ्या फेरीत मोठ्याने पाच अंक मोजून मगच हिरवे फडके दाखवावे. धावण्याऐवजी चालण्यास सांगावे, हे अनुभवी शिक्षकांना सांगणे नको.

गणिताच्या तासासही येथे जागा आहे. पिवळ्यास ३ सेकंद, सर्व तांबड्यांस २ आणि पुढे थांबलेल्या गाड्या हलण्यास ५, असे १० सेकंद धरावेत. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. तर संदेश चौकापासून किमान किती अंतरावरून पोहोचला पाहिजे? उत्तर १०० मीटर. ताशी ५४ किलोमीटर वेगास तेच अंतर १५० मीटर होते. हे सेकंद उदाहरणापुरते आहेत. रुंद चौकास अधिक लागतात.

आपल्या देशातील बहुतेक चौकांत ही यंत्रणा नाही. तेथे पोलीस शिपाई हाताने वाहतूक थोपवितो. प्रत्यारोपणासाठी हृदय न्यावयाचे असल्यास चौकाचौकांत पोलीस उभे करून रस्ता मोकळा ठेवतात. हृदय शरीराबाहेर साधारण चार तासच उपयोगी राहते. एरवी मात्र चालकाचा भोंगा आणि लोकांची समज, एवढ्यावरच सारे चालते. म्हणून मुलांना स्पष्ट सांगावे : भोंगा ऐकू आला तर आपला दिवा हिरवा असला तरी पाऊल खाली ठेवू नये, रस्त्यात असल्यास मागे न फिरता, न धावता जवळच्या कडेस जावे.

मुले आणखी एक विचारतील : दोन बाजूंनी दोन रुग्णवाहिका आल्या तर? यंत्र असलेल्या चौकात सामान्यतः जिचा संदेश आधी पोहोचला तिला वाट मिळते, दुसरीस तांबडा दिसतो. यंत्र नसलेल्या चौकात दोन्ही चालकांना वेग कमी करून एकमेकांस पाहावे लागते. मैदानावरील शेवटच्या फेरीत अशा दोन रुग्णवाहिका सोडाव्यात. पहिली निघून गेल्यावर किती मुले लगेच रस्त्यात उतरतात, ते शिक्षकांनी बाजूस उभे राहून मोजावे.