वाटसरूंचा धर्मग्राम



चैत्र लागला की बोरघाटातून पालख्या वर येऊ लागतात. मुंबई-ठाण्याचे कोळीवाडे, उरण, पनवेल, पेण, अलिबाग या भागांतील कोळी व आगरी मंडळी कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेला पायी निघतात. चैत्र शुद्ध सप्तमी हा पालखीचा मुख्य दिवस. मुंबईहून हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते. द्रुतगती मार्गावर पायी चालण्यास बंदी असल्यामुळे ही माणसे जुन्या महामार्गाने, खोपोलीपासून घाट चढून, लोणावळ्यातून पुढे जातात. या दिवसांत आपल्यापैकी कोणीतरी आम्हाला विचारतेच : "फादर, यांना पाणी दिले तर चालेल का? पहिल्या आज्ञेचा भंग तर होत नाही ना?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा थोडा अभ्यास करू.

सुरुवात एका शब्दापासून करू. आपण 'धर्मग्राम' म्हणतो. ग्राम म्हटले की वेस आली, पार आला, पिढ्यान् पिढ्यांची घरे आली. पण 'पॅरिश' हा शब्द ज्या ग्रीक 'पारोइकिया' पासून आला, त्याचा अर्थ जवळजवळ उलटा आहे. 'पारोइकोस' म्हणजे गावात राहणारा, पण त्या गावचा नसलेला, परका रहिवासी. पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१७) आपल्या पृथ्वीवरील मुक्कामाला हाच शब्द वापरला आहे. 'ख्रिस्ती' हे नाव पडण्यापूर्वी तर आपल्या पूर्वजांची ओळख 'त्या मार्गाचे लोक' अशी होती (प्रेषितांची कृत्ये ९:२). आपल्याकडेच पाहा ना. कोणी वसईचे, कोणी गोव्याचे, कोणी नगर जिल्ह्यातून आलेले. मिस्सेनंतर अंगणात 'गावी कधी जाणार?' हा प्रश्न हमखास कानावर येतो. मग इथे आपण कोण?

आता वसंत ऋतूकडे वळू. यहुद्यांचा वल्हांडण सण निसान महिन्याच्या पौर्णिमेला येतो, आणि निसान बहुधा आपल्या चैत्राच्या जोडीनेच चालतो. २०२५ साली चैत्री पौर्णिमा १२ एप्रिलला होती. त्याच संध्याकाळी वल्हांडण सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी आपला झावळ्यांचा रविवार होता. आपला ईस्टरही याच चंद्राच्या हिशेबाने ठरतो. म्हणूनच कार्ल्याची यात्रा पुष्कळदा आपल्या प्रायश्चित्तकाळाच्या अखेरीस येते.

योसेफ आणि मरिया दरवर्षी या सणाला यरुशलेमला जात, असे लूक सांगतो (२:४१). नासरेथहून ही चार-पाच दिवसांची पायपीट. यार्देनच्या खोऱ्यातून आले तर शेवटचा टप्पा यरीहो ते यरुशलेम. यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली आहे. तेथून सुमारे १,००० मीटर चढावे लागते. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण याच्या साधारण निम्मी. स्तोत्र १२० ते १३४ ही पंधरा 'आरोहणस्तोत्रे' अशाच वाटेवर गायली जात असावीत, असे अभ्यासक मानतात. पुढे लूक म्हणतो की, परतताना बारा वर्षांचा येशू मागे राहिला आणि आईबापांच्या ते दिवसभर लक्षातही आले नाही. काहींना यात हयगय दिसते. पालखीबरोबर चालणारा मुलांचा घोळका ज्याने पाहिला आहे, त्याला असे वाटणार नाही. तिथे कुणाचे पोर कुणाच्या बोटाला धरून चालते आहे, हे पटकन सांगता येत नाही.

पण आपल्या प्रश्नाचे उत्तर याच शुभवर्तमानात पुढे, अम्माऊसच्या वाटेवर आहे (लूक २४). वल्हांडण संपला आहे, दोघे शिष्य खिन्न मनाने परतत आहेत, आणि एक अनोळखी माणूस सोबत चालू लागतो. क्लयपा त्याला विचारतो : यरुशलेमात परका असा तू एकटाच काय? मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, ते 'पारोइकिया' याच्याच कुळातले. पुनरुत्थित प्रभूला त्याचेच शिष्य परका समजतात! त्यांनी त्याला ओळखले ते भाकर मोडताना. पण भाकर मोडली गेली, कारण दिवस कलला म्हणून त्यांनी त्या परक्याला आग्रहाने घरात घेतले. तो कोण, कुठला, याची चौकशी आधी केली नाही.

तेव्हा पाणी द्यावे का? निःसंशय द्यावे. पहिली आज्ञा आपण कोणाची उपासना करतो याविषयी आहे. आपली उपासना त्रैक्य परमेश्वराची, त्यात तडजोड नाही. पण तहानलेल्याला पाणी देणे ही कोणाची पूजा नव्हे; त्याबद्दल मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात वेगळीच परीक्षा सांगितली आहे. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच जाहीर केले.

काही पालख्यांसमोरच्या स्पीकरचा त्रास आम्हालाही होतो. (आपल्या सणाच्या मिरवणुकीतल्या बँडबद्दल शेजारी काय म्हणतात, तेही एकदा विचारावे.) पण हा घाट परक्यांना नवा नाही. एकवीरेच्या देवळाला लागूनच कार्ल्याचे बौद्ध चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून परकी माणसे या वाटेने येत आहेत आणि काही देऊन जात आहेत.

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गॅब्रिएल मार्सेल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आपल्या निबंधसंग्रहाला 'होमो व्हियातोर', म्हणजे 'वाटसरू मानव', असे नाव दिले. त्यांच्या विचारात आशा ही एकट्याची नसते, ती सोबत असणाऱ्यांची असते. सेमिनरीत हे वाचताना अवघड वाटे. जुन्या महामार्गाच्या कडेला उभे राहिले की सोपे वाटते.

यात्रेच्या दिवसांत आवारात फाटकाशी माठ ठेवावेत, अशी युवकांना विनंती आहे. पेले स्टीलचे असावेत. प्लास्टिकचे नकोत, ते शेवटी गटारात जातात. भर उन्हात कोणी सावलीला टेकले, तर फाटक लावू नये. आणि पाण्याबरोबर पत्रके वाटू नयेत. पाणी म्हणजे आमिष नव्हे.