'जोड्या लावा' : दोन मार्कांचा प्रश्न की विज्ञानाचा पाया?



प्रश्नपत्रिकेतला 'जोड्या लावा' हा प्रश्न म्हणजे हमखास मार्क, असं आपण सगळेच धरून चालतो. मुलं 'अ' गट आणि 'ब' गट पाठ करतात, रेषा ओढतात, विषय संपतो. पण कशाशी काय जुळतं आणि का जुळतं, याच प्रश्नावर दवाखाना, रेल्वे आणि कारखाना चालतो. म्हणून आज या प्रश्नाकडे जरा नीट पाहूया.

१) एक खूण जुळली म्हणजे सगळं जुळलं असं नाही

आपल्या बोनकोडे-कोपरखैरणे भागातले कितीतरी पालक ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत काम करतात. त्यांना नट-बोल्ट वेगळा शिकवायला नको. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १० चाच नट लागतो, हे मूलही सांगेल. पण त्याच जाडीचे बोल्ट दोन प्रकारच्या आट्यांचे मिळतात. एकात दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिलिमीटर, तर बारीक आट्याच्या बोल्टात १.२५. चुकीचा नट एक-दोन फेरे फिरतो आणि अडकतो. पाना लावून जोर केला तर आटे जातात. म्हणजे जाडी आणि आटे, दोन्ही जुळायला हवेत.

२) रूळ जुळले म्हणून पाणी पोहोचलं

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तेव्हा दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर होतं. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ मात्र फक्त ७६२ मिलिमीटरचे. ही छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिचा मार्ग लातूर आणि मिरजेपर्यंत वाढला. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालणार कसा? कुर्डुवाडीसारख्या जंक्शनवर माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. अलीकडे हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला.

आता एप्रिल २०१६ आठवा. लातूर तहानलेलं होतं. मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोहोचली. पहिल्या फेरीत दहा टँकर डबे, सुमारे ५ लाख लिटर पाणी. हे डबे आले होते राजस्थानातल्या कोट्याहून! रूळ जुने अरुंदच राहिले असते तर ते लातूरपर्यंत गेलेच नसते. जुळणीची किंमत यापेक्षा सोप्या उदाहरणाने सांगता येईल का?

३) रक्त : इथे रेषा पुरत नाही, बाण लागतो

लाल पेशींवर 'ए' किंवा 'बी' ही खूण असते. कोणाकडे दोन्ही असतात, कोणाकडे एकही नाही (म्हणजे 'ओ'). जी खूण आपल्याकडे नाही, तिच्याविरुद्धचे पहारेकरी आपल्या रक्तद्रवात तयार असतात. म्हणून 'ओ' चं रक्त 'ए' ला चालतं, पण 'ए' चं 'ओ' ला चालत नाही. ही जुळणी एकतर्फी आहे. कार्ल लँडस्टायनर यांना रक्तगटांच्या शोधासाठी १९३० चं नोबेल मिळालं.

पुढची गोष्ट आपल्या मुंबईची. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती दिली. 'ए' आणि 'बी' या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, त्या पायाला 'एच' म्हणतात. 'ओ' वाल्यांकडे हा पाया असतो. पण काही मोजक्या लोकांकडे तोही नसतो. त्यांच्या रक्तद्रवात 'एच' विरुद्धही पहारेकरी असतात, म्हणून त्यांना 'ओ' चं रक्तसुद्धा चालत नाही. फक्त त्यांच्यासारख्याच माणसाचं चालतं. हाच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

यातला धोका लक्षात घ्या. फक्त 'ए' आणि 'बी' तपासलं तर असा माणूस 'ओ' च दिसतो! म्हणूनच रक्तपेढीत रक्त देण्याआधी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव प्रत्यक्ष एकत्र करून पाहतात. क्रॉस मॅचिंगसाठी थांबायला सांगितलं की नातेवाईक वैतागतात. पण तो वेळ वाया जात नसतो, तिथे कोणाचा तरी जीव वाचत असतो.

४) मधला दुवाही जुळवावा लागतो

सोनोग्राफी करताना पोटाला गार जेल का लावतात, हे मुलांना विचारून पाहा. यंत्र आणि त्वचा यांच्यात हवेचा पातळ थर राहिला, तरी ध्वनिलहरी जवळजवळ सगळ्या मागे फिरतात. जेल ती हवा काढून टाकतं आणि लहरींना आत जायला वाट मिळते. दोन गोष्टी थेट जुळत नसतील तर मध्ये तिसरी आणायची, हीसुद्धा जुळणीच!

वर्गात किंवा घरी करून पाहा

• वेगवेगळ्या बाटल्या आणि झाकणं एकत्र करा. 'बसेल की नाही' याचा आधी अंदाज आणि कारण सांगायचं, मगच लावून बघायचं.

• पाचवीच्या पुढच्या मुलांना ए, बी, एबी, ओ अशी चार कार्डं द्या. कोण कोणाला लाल पेशी देऊ शकतो त्याचे बाण काढू द्या. वेगळ्या गटांमध्ये बरोबर पाच बाण येतात. नंतर 'बॉम्बे' हे पाचवं कार्ड ठेवा आणि त्याच्याकडे येणारा बाण शोधायला सांगा. (या खेळात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बाजूला ठेवलंय, खऱ्या रक्तदानात तेही बघतात, हे मुलांना नक्की सांगा.)

• प्रत्येक जोडीसाठी तीन प्रश्न विचारा : कोणकोणत्या खुणा जुळायला हव्यात? जुळणी दोन्ही बाजूंनी आहे की एकतर्फी? नाही जुळली तर काय होईल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'मार्क जाईल' हे उत्तर आलं तर समजा अजून पाठांतरच चालू आहे. 'नट अडकेल', 'गाडी पुढे जाणार नाही', 'रुग्णाला त्रास होईल' अशी उत्तरं यायला लागली की मूल विज्ञान शिकायला लागलं.

पुढच्या चाचणीत 'जोड्या लावा' च्या खाली एकच ओळ वाढवून बघा : 'कोणत्याही एका जोडीचे कारण लिहा.' मुलं काय लिहितात ते आम्हालाही जरूर कळवा.