पारपटल : डोळ्याची पारदर्शक काच

जबलपूरजवळील भेडाघाट येथे नर्मदेने संगमरवराच्या उंच कड्यांमधून आपला मार्ग काढला आहे. पाण्याचा रेटा अखंड राहिला, म्हणून त्या कड्यांना आजचा आकार लाभला. बळामुळे वस्तूला आकार येतो, हे तेथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. ज्या डोळ्यांनी आपण हे दृश्य पाहतो, त्यांच्यातही असेच बळ अहोरात्र कार्य करीत असते.

डोळ्याच्या अग्रभागी, बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला ‘पारपटल’ म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याचा बराचसा भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी बनलेला असतो. हे तंतू सारख्या जाडीचे असून ठरावीक अंतरावर, थरांवर थर असे रचलेले असतात. या शिस्तीमुळेच प्रकाश न विखुरता आरपार जातो. डोळ्याचा पांढरा भागही कोलॅजेनचाच असतो. परंतु तेथील तंतू लहानमोठे व अस्ताव्यस्त असल्यामुळे तो अपारदर्शक असतो. द्रव्य एकच, रचना मात्र भिन्न!

ही रचना टिकते कशी? डोळ्यातील द्रव आतून सतत दाब देत असतो. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. त्यामुळे पारपटल फुगलेल्या फुग्याच्या रबराप्रमाणे ताणलेले राहते. तंतूंमध्ये वसलेल्या पेशींना हा ताण जाणवतो आणि त्या तंतूंच्या दिशेला अनुसरून पसरतात. बाहेरच्या बाजूस पापण्यांची उघडझाप चालू असते. पृष्ठभागावरील जीर्ण पेशी झडून जातात व कडेला निर्माण झालेल्या नव्या पेशी केंद्राकडे सरकत त्यांची जागा घेतात. सर्वांत आतल्या थरातील षटकोनी पेशी मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे एकमेकींना चिकटून असतात. त्यांपैकी एखादी नष्ट झाली, तर सहसा नवी निर्माण होत नाही. शेजारच्या पेशी पसरून ती उणीव भरून काढतात.

मर्यादेतील बळ ही रचना राखते. अतिरेकी बळ ती मोडते. डोळे वारंवार जोराने चोळण्याची सवय असल्यास पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा धोका वाढतो. दगड घडविताना छिन्नीखालून उडालेली कपची डोळ्यात खोलवर रुतली, तर जखमेजवळच्या पेशींचे स्वरूपच बदलते. त्या जखम आवळून धरतात व घाईने अस्ताव्यस्त तंतू निर्माण करतात. जखम भरते, पण पारदर्शकता जाते. यालाच लोकभाषेत ‘डोळ्यात फूल पडणे’ असे म्हणतात.

अशी गेलेली दृष्टी अनेकदा परत मिळू शकते. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडुआर्ड झिर्म या नेत्रवैद्याने, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स या गावी, चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पारपटलाचे यशस्वी प्रत्यारोपण केले. तो मजूर पुन्हा कामाला लागला. मात्र पारपटल कारखान्यात तयार करून ही गरज भागविता येत नाही. ते मृत्यूनंतर केलेल्या नेत्रदानातूनच मिळवावे लागते. त्यासाठी मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे लागते. चष्मा लावणाऱ्या व मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीही नेत्रदान करू शकतात.

दगड फोडताना संरक्षक चष्मा वापरणे, डोळ्यात कण गेल्यास न चोळणे, चुना गेल्यास तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन रुग्णालय गाठणे, एवढी दक्षता प्रत्येकाला घेता येते. अर्ध्या मिलिमीटरची ही शिस्त मोडावयास एक क्षण पुरतो.

शब्दार्थ
अहोरात्र – रात्रंदिवस
जीर्ण – जुने, झिजलेले
कपची – दगडाचा उडालेला पातळ तुकडा

पाठगत प्रश्न
१. पारपटल पारदर्शक आणि डोळ्याचा पांढरा भाग अपारदर्शक का असतो?
२. ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणजे काय, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या व्यवसायात डोळ्यांना कोणते धोके संभवतात? त्यांवरील उपाय पाच-सहा वाक्यांत लिहा.