खाऱ्या पाण्याचे मोजमाप आणि साधनाची परीक्षा
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान)

विषयप्रवेश

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. काचेमागे पोहणारे समुद्रातील मासे तेथे हजारो मुलांनी प्रथमच पाहिले. अशा काचेच्या हौदातील पाणी रोज थोडथोडे आटते. मीठ मात्र मागे राहते. सरासरी समुद्रजलाच्या दर किलोग्रॅममध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हौदात असे १०० किलोग्रॅम पाणी असेल, तर त्यात ३,५०० ग्रॅम क्षार होतील. त्यातील १० किलोग्रॅम पाणी आटले की तेच क्षार ९० किलोग्रॅममध्ये राहतात आणि क्षारता दर हजारी ३५ वरून सुमारे ३९ वर चढते. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने का घालावी, समुद्राच्या पाण्याने का घालू नये, हे मुले त्यावरून आपोआप सांगतील.

बहुतेक समुद्री मासे आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण काही मर्यादेपर्यंत राखू शकतात. तारामासा, समुद्री साळू यांसारख्या प्राण्यांना ते साधत नाही. पाणी बदलले की त्यांच्या अंगातील द्रवही बदलतो. म्हणून हौद सांभाळणाऱ्यास क्षारता मोजावीच लागते. त्याचे साधन ५ ग्रॅम कमी दाखवीत असेल, तर तो काळजीपोटी मीठ वाढवील आणि चांगले पाणी आपल्या हाताने बिघडवील. मोजमाप मुळीच न करण्यापेक्षा खोट्या साधनाने केलेले मोजमाप कित्येकदा अधिक घातक ठरते, हा या पाठाचा गाभा आहे.

साधनाची रचना

पाण्यात मीठ वाढले की पाणी जड होते आणि तरंगणारी वस्तू अधिक वर येते. दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर मुलांनी दूध डेअरीत पाहिलेला असतो. तोही याच तत्त्वावर चालतो. खाऱ्या पाण्यासाठी असे साधन शाळेत करता येते.

होमिओपॅथीच्या औषधाची लहान रिकामी बाटली घ्यावी. तिच्या बुचास भोक पाडून त्यात संपलेल्या पेनची पारदर्शक, बारीक, दोन्ही टोके मोकळी असलेली नळी बसवावी व सांधा मेणाने बंद करावा. नळीतून कोरडी बारीक वाळू चिमटीने सोडीत जावे. गोड्या पाण्यात बाटली उभी तरंगू लागून नळीचे सुमारे १ सेंमी टोकच वर राहिले की थांबावे. मग कागदाची अरुंद पट्टी नळीत सरकवून पक्की चिकटवावी.

नळी बारीक का हवी, हे मुलांना विचारावे. २० सेंमी खोल बुडणारी, सारख्या जाडीची काठी गोड्या पाण्यातून दर हजारी ३५ च्या मिठाच्या पाण्यात नेली, तर जेमतेम ५ मिमी वर येते. परंतु सुमारे ३० घन सेंमी पाणी बाजूस सारणारी बाटली व ६ मिमी जाडीची नळी असेल, तर तेवढ्याच फरकाला नळी सुमारे अडीच सेंटिमीटर वर येते. मोठे पोट व बारीक मान असेल, तर लहान फरकही डोळ्यांस दिसतो.

पट्टी आखणे

प्रथम साधन गोड्या पाण्यात सोडून पाण्याच्या पातळीशी ० ची खूण करावी. नंतर ३५ ग्रॅम मीठ ९६५ ग्रॅम पाण्यात पूर्ण विरघळवून दुसरी खूण ३५ ची करावी. मधील अंतराचे सात सारखे भाग केले की प्रत्येक भाग ५ चा होतो. पावसाळ्यात मिठास पाणी सुटते व वजनात त्या ओलाव्याची भर पडते. म्हणून मीठ तव्यावर कोरडे करून, निववून मगच तोलावे. तराजूचीही परीक्षा आधी करावी. भांड्याचे वजन वजा केल्यावर १ लिटर पाणी १ किलोग्रॅमच्या अगदी जवळ भरले पाहिजे.

केवळ ० ची खूण जुळली म्हणून साधन खरे ठरत नाही. गोड्या पाण्यात बरोबर असलेले साधन ३५ जवळ चुकू शकते. ज्या अंकाच्या आसपास मोजावयाचे, त्याच अंकाच्या ज्ञात द्रावणात साधनाची परीक्षा घ्यावी. समुद्रसंशोधकही हेच करीत आले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून कोपनहेगन येथे क्षारता काटेकोरपणे ठरविलेले समुद्रजल काचेच्या नळ्यांत बंद करून देशोदेशी पाठविले जाई. १९७५ पासून हे काम इंग्लंडमध्ये होऊ लागले. निरनिराळ्या देशांतील साधने त्या एकाच पाण्याशी ताडून पाहिल्यामुळे त्यांचे अंक परस्परांशी जुळू शकले.

आणखी एक भेद शिक्षकांनी ध्यानात ठेवावा. समुद्रात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादींचे क्षारही असतात. त्यामुळे साध्या मिठावर आखलेली पट्टी ३५ क्षारतेचे समुद्रजल सुमारे ३७ दाखविते.

वाचनातील चुका

१. उष्णता : पाणी तापले की हलके होते. १५ अंश सेल्सिअसला आखलेले साधन ३० अंशांच्या समुद्रजलात क्षारता ५ ते ६ ग्रॅम कमी दाखविते. म्हणून पट्टी आखताना व मोजताना पाणी सारखेच उष्ण असावे; दोन्ही पाणी वर्गात काही तास शेजारी ठेवावे.
२. बुडबुडे : बाटलीस चिकटलेला बुडबुडा तिला वर उचलतो. साधन हलकेच फिरवून बुडबुडे झाडावेत.
३. नजर : डोळा पाण्याच्या पातळीस आणावा. नळीलगत पाणी किंचित वर चढते. ती कड न वाचता सपाट पातळी वाचावी.
४. मळ : साधनावर वाळलेले मीठ त्याचे वजन वाढविते. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसावे.

साधन आणि अंक

किनाऱ्याजवळील शाळांनी खाडीचे पाणी उन्हाळ्यात व पावसाळ्यात मोजावे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी खाडीत उतरते व क्षारता पुष्कळ खाली येते. पुस्तकात ३५ वाचलेला मुलगा अशा वेळी आपला कमी आलेला अंक खोडून ३५ लिहिण्याचा संभव असतो. त्यास रागावू नये. साधन पुन्हा ज्ञात द्रावणात सोडावयास सांगावे. तेथे ते चुकले, तर साधन दुरुस्त करावे. तेथे ते बरोबर आले आणि दुसऱ्यांदा काढलेल्या पाण्यातही तोच अंक मिळाला, तर तो कितीही अनपेक्षित असो, वहीत तसाच लिहावा. साधनावरील विश्वास परीक्षेने मिळवावयाचा असतो. तो एकदा मिळाल्यावर आपल्या सोयीसाठी मोडावयाचा नसतो.

मूल्यमापन

शिक्षकांनी २० ग्रॅम मीठ व ९८० ग्रॅम पाणी यांचे द्रावण मुलांच्या नकळत तयार करावे. तीन गटांनी परस्परांचे अंक न पाहता ते तीन तीन वेळा मोजून वहीत लिहावे. त्यापूर्वी एका गटाच्या साधनातील कागदी पट्टी गुपचूप थोडी सरकवून ठेवावी. जो गट मोजण्यास आरंभ करण्यापूर्वीच साधन गोड्या पाण्यात व ३५ च्या द्रावणात सोडून पाहील, त्यास पट्टी सरकल्याचे तत्काळ कळेल. कोणत्याच गटाने ही परीक्षा घेतली नाही, तर पाठाचा हा भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा.